मावशी निरक्षर नव्हती

माझी मावशी छत्तीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होती. पाचवीच्या पोरांना अपूर्णांक समजावून देणारी, बँकेचे आणि पेन्शनचे कागद स्वतः भरणारी बाई. संधिवातासाठी तिला मेथोट्रेक्सेट सुरू झाले. हे औषध संधिवातात आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. कार्डावर इंग्रजीत, घाईच्या अक्षरात तसे लिहिलेही होते. पण वरच्या-खालच्या बाकी सगळ्या गोळ्यांपुढे १-०-१, ०-०-१ असे रोजच्या सकाळ-दुपार-रात्रीचे आकडे होते, आणि मेडिकलवाल्या मुलाने पाकिटावर सवयीने 'सकाळी १' लिहून दिले. मावशीने नऊ दिवस रोज सकाळी एक गोळी घेतली. दहाव्या दिवशी तोंड इतके सोलवटले की पाणी गिळवेना. रक्त तपासले तर पांढऱ्या पेशी धोक्याच्या पातळीखाली गेलेल्या. अकरा दिवस दवाखान्यात काढून ती वाचली. घरी निघताना तिथले एक डॉक्टर आम्हाला म्हणाले, "शिकलेली माणसंसुद्धा नीट वाचत नाहीत हो, काय करणार?"

ते डॉक्टर मनाने वाईट नव्हते. त्यांच्याच धावपळीने मावशी जगली. तरीही ते वाक्य मला मान्य नाही, कारण आरोग्याविषयीची आपली बरीचशी जाहीर चर्चा त्याच वाक्यावर उभी आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये मध्य प्रदेशात एमबीबीएसची हिंदी पुस्तके आली, तेव्हापासून आपल्याकडेही वाद रंगतो: वैद्यकीय शिक्षण मराठीत हवे का, डॉक्टरांनी चिठ्ठी मराठीत लिहावी का. एका बाजूला भाषेचा अभिमान, दुसऱ्या बाजूला 'विज्ञानाची भाषा इंग्रजीच' हा ठेका. अभिमानवाल्यांना वाटते, लिपी बदलली की समजूत आपोआप येईल. विरोधकांना वाटते, लोक मुळात ऐकतच नाहीत, मग कोणत्याही भाषेत लिहा. दोघेही एकतर डॉक्टरच्या शिक्षणाबद्दल बोलतात नाहीतर लोकांच्या अडाणीपणाबद्दल. या दोघांच्या मध्ये जी संस्था उभी आहे, म्हणजे जिथे कार्ड छापले जाते, गोळ्या हातात पडतात, संमतीपत्रावर सही घेतली जाते ते रुग्णालय, ते या वादातून अलगद सुटते.

माझे म्हणणे असे की, रुग्णाला काय समजले ही रुग्णालयाच्या कामाची फलनिष्पत्ती आहे. शस्त्रक्रियेनंतर टाक्यांत पू झाला तर आपण रुग्णाच्या कातडीला दोष देत नाही. आधी शस्त्रक्रियागृहाची तपासणी होते. घरी गेलेल्या माणसाने गोळी चुकीची घेतली, तर तीच तपासणी डिस्चार्जच्या टेबलाची व्हायला हवी.

'आरोग्य साक्षरता' या शब्दानेच थोडा घोळ केला आहे. साक्षरता म्हटले की डोळ्यांसमोर पाटी, कंदील आणि प्रौढशिक्षणाचा वर्ग येतो. उणीव शिकणाऱ्यात, आणि शिकवणारा उपकार करणारा. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता ८२ टक्क्यांच्या वर होती. त्यातल्या किती जणांना स्वतःचे डिस्चार्ज कार्ड वाचता येते? टीडीएस म्हणजे दिवसातून तीनदा, एसओएस म्हणजे त्रास झाला तरच, हे कोणत्या शाळेत शिकवतात? प्रतिजैविकांच्या पट्टीवर एक उभी लाल रेघ असते. ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका हे सांगण्यासाठी केंद्र सरकारने २०१६ मध्ये तिची मोहीमच काढली होती. ती रेघ काय सांगते, हे तुमच्या ओळखीच्या पाच पदवीधरांना विचारून पाहा. पट्टीवरचा इशारा बारीक इंग्रजीत, आणि गोळी तोडता तोडता तोही फाटून जातो. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये, माणसे प्राणवायूसाठी धावत असताना, लसीची नोंदणी करायचे कोविन संकेतस्थळ इंग्रजीत होते. मराठीसह प्रादेशिक भाषा आल्या जूनमध्ये. त्या दोन महिन्यांत सांगोल्याचा शेतकरी अडाणी होता, की संकेतस्थळ?

उलट बाजू गडचिरोलीत दिसते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून तिथे काम उभे केले, तेव्हा प्रश्न होता न्यूमोनियाने दगावणाऱ्या बाळांचा. बाळाचे श्वास मिनिटाला किती, यावरून न्यूमोनिया ओळखता येतो. पण गावातल्या सुईणींना साठपर्यंत मोजता येत नव्हते. 'आधी बायका साक्षर करा, मग बघू' असे म्हणून हा प्रश्न वीस वर्षे पुढे ढकलता आला असता. त्यांनी एक साधे यंत्र केले: मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि त्याच्याशेजारी मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात तर बाळाला न्यूमोनिया आहे. अक्षरओळख नसलेली बाई निदान करू लागली. पुढे गावातल्याच थोड्याफार शिकलेल्या आरोग्यदूत स्त्रियांच्या हाती घरोघरची नवजात बालसेवा दिली गेली, आणि तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचा अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने छापला. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून हेच दाखवले होते. गावाने निवडलेल्या, बऱ्याचशा निरक्षर बायका बाळंतपण, जुलाब, कुष्ठरोग यांबद्दल आपल्या गावाला शिकवत होत्या. म्हणजे अक्षर येत असून मावशीला आपले औषध कळले नाही, आणि अक्षर येत नसून त्या सुईणींना बाळाचा श्वास कळला. फरक समोरच्या व्यवस्थेने किती कष्ट घेतले यात होता.

आता डॉक्टरांची बाजू. ती खरीच भक्कम आहे, आणि सरकारी ओपीडीत एक सकाळ काढलेला कोणीही ती नाकारणार नाही. पहिला मुद्दा वेळेचा. ६७ देशांतल्या सल्लावेळेचा एक आढावा २०१७ मध्ये 'बीएमजे ओपन' या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात स्वीडनमध्ये डॉक्टर एका रुग्णाला सरासरी २२ मिनिटे देतात आणि भारतात सुमारे २. या दोन मिनिटांत नाव विचारायचे, तपासायचे, लिहायचे. रांग व्हरांड्याबाहेर गेलेली असते, आतला निवासी डॉक्टर रात्रपाळी करून उभा असतो. त्याला 'समजावून सांगा' म्हणणे हा उपदेश त्याची थट्टा केल्यासारखा वाटतो, हे मला कळते. पण समजावण्याचे काम डॉक्टरच्याच खुर्चीला कोणी बांधून ठेवले आहे? याच सरकारी दवाखान्यांत, त्याच व्हरांड्यात, एचआयव्हीसाठी समुपदेशकाची वेगळी खोली असते. चाचणीआधी बोलणे, चाचणीनंतर बोलणे, औषध सुरू करताना पुन्हा बोलणे, गोळी चुकली तर काय करायचे ते सांगणे, हे सगळे त्या कार्यक्रमात पहिल्यापासून उपचाराचाच भाग मानले गेले. आयुष्यभर रोज गोळी घ्यायची तर माणसाला ती का घ्यायची हे कळले पाहिजे, हे व्यवस्थेला तिथे नेमके उमगले. मग शुगर आणि बीपीची गोळी किती दिवसांची असते? तीही बहुतेकांना आयुष्यभराचीच. ज्ञान आपल्याकडे आहे, पद्धत आपल्याकडे आहे, खोलीसुद्धा आहे; शेजारच्या रांगेतल्या माणसाला मात्र ती क्वचितच मिळते.

वेळेच्या हिशेबात आणखी एक रक्कम धरली जात नाही. मावशीने अकरा दिवस एक खाट अडवली, रक्ताच्या तपासण्या झाल्या, दोन निवासी डॉक्टर रात्री जागले. 'ही गोळी फक्त रविवारी' हे चार शब्द उच्चारायला किती वेळ लागला असता?

दुसरा मुद्दा रुग्णांच्या वागण्याचा, आणि तोही खोटा नाही. लोक लपवतात. दारू पितो हे सांगत नाहीत, गावच्या वैदूचा काढा चालू आहे हे सांगत नाहीत. बरे वाटले की टीबीची गोळी सोडतात, गोळीने भागते तिथे सलाईन लावा म्हणून हट्ट धरतात, आणि डॉक्टरांपेक्षा मोबाईलवर आलेल्या निरोपावर विश्वास ठेवतात. मान डोलावतात आणि घरी जाऊन भलतेच करतात. पण मान का डोलते? याचे उत्तर मला मावशीनेच दिले. ती म्हणाली, वर्गात 'समजलं का?' असं कधीच विचारू नये. सगळा वर्ग एका सुरात 'हो बाई' म्हणतो. फळ्यापाशी बोलवायचं आणि गणित करून दाखव म्हणायचं. दवाखान्यात आपण सगळे त्या वर्गासारखेच बसलेलो असतो: घाबरलेले, मागे रांग, समोर मोठा माणूस. तिथे 'समजलं ना?' या प्रश्नाला 'हो' हे एकच सभ्य उत्तर आहे. 'आता घरी गेल्यावर सुनेला तुम्ही हे कसं सांगाल ते मला सांगा बघू', असे विचारले की खरे काय ते बाहेर येते. जगभर रुग्णशिक्षणात ही उलट सांगून घेण्याची पद्धत वापरतात, आपल्या प्राथमिक शिक्षकांना ती वापरत पिढ्या गेल्या, आणि दवाखान्यात मात्र आपण अजून 'हो बाई'वर कामकाज उरकतो.

आणि लोकांच्या संशयाला नेहमी अज्ञान म्हणायचे का? १८९७ साली पुण्यात प्लेग आला तेव्हा वॉल्टर रँडच्या समितीला खात्री होती की लोक अडाणी आहेत, रोगी लपवतात, म्हणून सक्तीच हवी. गोरे शिपाई घरांत, स्वयंपाकघरांत, देवघरांत घुसले. माणसे विलगीकरणाच्या छावण्यांत नेली गेली. लोक रोगी लपवत होते हे खरे होते. त्यांनी दुसरे काय करावे, जेव्हा नेलेला माणूस कुठे जातो, त्याचे काय होते, तो परत कधी येतो, हे कोणी सांगतच नव्हते? २२ जूनला रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि इतिहास त्या गोळ्यांपाशी थांबतो. मला मात्र त्याच वर्षीच्या १० मार्चची आठवण जास्त महत्त्वाची वाटते. त्या दिवशी सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या, आणि त्यांना तो झाला प्लेगच्या रोग्यांना उचलून त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात आणताना. तोच रोग, तेच शहर. आणि लोक सावित्रीबाईंच्या हाती आपली पोरे देत होते. त्या लोकांना अडाणी म्हणायचे, तर मग हा विश्वास कुठून आला याचेही उत्तर द्यावे लागेल.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो: सगळे सांगत बसलो तर लोक घाबरून औषधच सोडतील. दुष्परिणामांची यादी वाचून कोण गोळी घेईल? भीती योग्य आहे, निष्कर्ष उलटा आहे. टीबीच्या रिफॅम्पिसिनने लघवी लालसर-केशरी होते. ते निरुपद्रवी असते. ज्याला हे आधी सांगितलेले असते तो लघवी पाहून म्हणतो, गोळी लागू पडतेय. ज्याला सांगितलेले नसते त्याला वाटते रक्त जातेय, आणि तो गोळ्या बंद करतो. लोहाच्या गोळ्यांनी शौचाला काळे होते, मळमळते. गरोदर बाईला हे आशाताईने सांगितले असेल तर ती जेवणानंतर गोळी घेऊन बघते. नसेल तर 'गोळ्या गरम पडल्या' म्हणून पाकीट पत्र्याच्या डब्यात जाते. औषध घरी गेल्यावर जे करणारच आहे, ते रुग्णालयाच्या तोंडून आधी कळावे की शेजारणीच्या तोंडून? यादीच वाचून दाखवायची असे कोणी म्हणत नाही. तीन गोष्टी पुरतात: काय होईल आणि घाबरायचे नाही, काय झाले तर लगेच यायचे, आणि न विचारता काय बंद करायचे नाही.

भाषाभिमान्यांशीही मला भांडायचे आहे, जरी माझे मन त्यांच्या बाजूला आहे. कार्ड मराठीत हवे, यात वाद नाही. संगणकावर छापलेल्या कार्डात 'रोज सकाळी जेवणानंतर' हे वाक्य आणायला आता कोणतीही अडचण उरलेली नाही. पण कोणती मराठी? मी अशी संमतीपत्रे पाहिली आहेत ज्यांत 'वृक्क', 'संवेदनाहरण' आणि 'संभाव्य व्यामिश्रता' असे शब्द आहेत. ही मराठी इंग्रजीइतकीच परकी आहे. लोक किडनी म्हणतात, भूल म्हणतात, शुगर म्हणतात. कागदानेही तेच म्हणावे. सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या एका निकालात स्पष्ट केले की पुरेशी माहिती न देता घेतलेली संमती ही संमतीच नव्हे. तपासणीसाठी भूल दिलेल्या बाईचे गर्भाशय तिला न विचारता काढले गेले होते, त्या प्रकरणातला हा निकाल. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री 'इथे सही करा' म्हणून पुढे सरकवलेला अनाकलनीय कागद मराठीत असला म्हणून त्या कसोटीला उतरत नाही.

शिवाय धारणीच्या कोरकू आईला, धडगावच्या पावरी बोलणाऱ्या आजोबांना, भामरागडच्या माडिया तरुणाला मराठीही वरूनच आलेली आहे. तिथे दुभाष्याचे काम बहुतेक वेळा वॉर्डातल्या मावशी किंवा दारावरचा पहारेकरी करतो. पगार झाडलोटीचा, काम जिवाच्या गोष्टी सांगण्याचे. त्यांना त्या कामाचे प्रशिक्षण आणि मोबदला का नसावा? गडचिरोलीत बंग दांपत्याने आदिवासींना विचारले होते की तुम्ही दवाखान्यात का येत नाही. उत्तर आले: तिथली माणसे पांढरे कपडे घालतात, आम्ही प्रेताला पांढऱ्यात गुंडाळतो. मोठ्या इमारतीत जीव घुसमटतो, नातेवाइकांना थांबू देत नाहीत. मग दवाखाना आदिवासी गावासारख्या झोपड्यांचा झाला, जिथे घरची माणसे सोबत राहू शकतात, आणि त्याला नाव मिळाले माँ दंतेश्वरीचे. मला या गोष्टीत सर्वांत मोलाचा वाटतो तो सुरुवातीचा प्रश्न. संस्थेने लोकांना विचारले, आणि ऐकून स्वतःला बदलले. पांढऱ्या रंगाबद्दल लोकांचे गैरसमज दूर करणारे शिबिर भरवणे जास्त सोपे होते.

हे सगळे चांगल्या माणसांच्या चांगुलपणावर सोडायचे का? नाही, आणि इथे बांगलादेशाकडून शिकण्यासारखे आहे. १९८० ते १९९० या दहा वर्षांत 'ब्रॅक' या संस्थेच्या स्त्री-कार्यकर्त्या सव्वा कोटीच्या आसपास घरांत गेल्या आणि आयांना जुलाबावरचे पाणी करायला शिकवले: तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. मापे बोटांत आणि मुठीत होती, म्हणून ती घरातून हरवत नव्हती. पण खरी युक्ती पगारात होती. काही आठवड्यांनी दुसरेच पथक काही घरांत जाऊन आईला विचारी, तिच्याकडून पाणी करवून घेई. आणि आईला जितके नीट आले, तितका शिकवणारीचा मेहनताना. किती घरे केली, किती पत्रके वाटली याला महत्त्व उरले नाही. आया परीक्षेत उत्तम उतरत होत्या तरी घरात जुलाब लागल्यावर पाणी फारसे देत नव्हत्या, हे उघड झाले तेव्हाही संस्थेने आयांना बोल लावला नाही. शोध घेतला तर कळले की शिकवणाऱ्यांपैकी अनेकींचाच त्यावर विश्वास नव्हता आणि घरातल्या पुरुषांशी कोणी बोललेच नव्हते. मग दोन्ही दुरुस्त केले.

आपल्याकडे याच्या अगदी उलटे मोजमाप चालते. किती फलक लावले, किती शिबिरे झाली, किती पत्रके संपली. रुग्णहक्कांच्या सनदा भिंतीवर लागल्या, त्याचे फोटो गेले, आणि त्याखाली बसलेल्या माणसाला आपल्याला केसपेपरची प्रत मागता येते हे माहीत नाही. सरकारी दवाखान्यांची स्वच्छता २०१५ पासून 'कायाकल्प' योजनेत गुण देऊन तपासली जाते, बक्षिसे मिळतात, आणि त्यासाठी दवाखाने आवरले-पुसले जातात हे आपण पाहतो. तसेच समजुतीचे का तपासू नये? महिन्यातून एक दिवस, दवाखान्याशी संबंध नसलेली दोन माणसे फाटकाशी उभी राहोत आणि घरी निघालेल्या पन्नास जणांना विचारोत: तुम्हाला झालंय काय, यातली कोणती गोळी कधी घ्यायची, काय झालं तर लगेच परत यायचं. पन्नासातल्या किती जणांना तिन्ही सांगता आले, तो आकडा दर्शनी भागात, खाटांच्या संख्येशेजारी लिहा. खासगी रुग्णालयांनाही हेच लागू करा. तिथे समजावण्याचे बिल होत नाही म्हणून ते होत नाही, असे मला एका व्यवस्थापकाने सरळ सांगितले होते. नोंदणीचे नूतनीकरण त्या आकड्यावर अवलंबून ठेवले तर ते होईल.

आणि तोवर, निदान मेथोट्रेक्सेटसारख्या आठवड्याच्या औषधांसाठी, एवढे तरी उद्यापासून करता येते: पाकिटावर वाराचे नाव, मराठीत, मोठ्या अक्षरात, आणि पाकीट हातात देण्याआधी एक प्रश्न. मावशीच्या आताच्या दवाखान्यातली सिस्टर तो दर महिन्याला विचारते. मावशी दर महिन्याला विद्यार्थ्यासारखी उभी राहून उत्तर देते, "रविवारी. फक्त रविवारी. आणि तोंड आलं तर बंद करून लगेच तुमच्याकडे."